अपडेट फेल्ड : नववीतल्या मुलीची निरीक्षण वही



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. घरच्या कॉम्प्युटरवरचं अँटिव्हायरस अपडेट होत नाही. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट येते, 'अपडेट फेल्ड' म्हणते आणि निघून जाते. हा अनुभव बहुतेक घरांत आहे आणि बहुतेक घरांत त्यावरचा उपायही एकच आहे, तो म्हणजे फुलीवर क्लिक करून चौकट बंद करणे. काही जण कॉम्प्युटर बंद करून परत चालू करतात. आणि फारच झालं की गावातल्या दुकानात नेऊन 'फॉरमॅट मारून' आणतात. त्यात जुन्या फायली गेल्या तर गेल्या!

मी विज्ञान शिकवते, कॉम्प्युटर नाही. पण शाळेत ज्याला एक्सेल येतं तो कॉम्प्युटरचा डॉक्टर, हा नियम तुमच्याकडेही असेलच. यू-डायस, शालार्थ, निकालपत्रकं असं करता करता आमच्याकडे ते पद माझ्याकडे आलं.

आता मूळ गोष्ट. नववीच्या वर्गाला मी निरीक्षण वही करायला सांगितली होती. सलग तीन आठवडे एकच गोष्ट बघायची, रोज ठरलेल्या वेळी, आणि जे दिसलं ते लिहायचं. 'का झालं' ते मात्र लिहायचं नाही. ही शेवटची अट मुलांना फार जड जाते. मुलं पहिल्याच दिवशी कारण लिहून मोकळी होतात आणि पुढचे वीस दिवस त्या कारणाला शोभेल तेवढंच बघतात. (मोठी माणसंही हेच करतात, पण त्यांची वही कुणी तपासत नाही.) कुणी मुंग्यांची रांग घेतली, कुणी माठातलं पाणी, कुणी कुंडीतली मेथी. एका मुलीने विषय लिहून आणला, 'आमच्या कॉम्प्युटरचं अँटिव्हायरस'. वर्ग हसला. मी म्हटलं, चालेल.

तिच्या वडिलांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. कॉम्प्युटर घरीच, बैठकीच्या खोलीत. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसचा जुना लॉट निघाला त्यातला घेतलेला. त्यावर लग्नसराईची बिलं, कुणाकडे किती उधारी, किती खुर्च्या कुठल्या गावात अडकल्यात याच्या सहा वर्षांच्या नोंदी. मुलीच्या शिष्यवृत्तीचे स्कॅन केलेले कागद. आणि आजोबांच्या आवाजातली भजनं. ती कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, तो मोबाइल पुढे पाण्यात पडला, आणि आता ती फक्त या कॉम्प्युटरवर उरली आहेत. म्हणजे 'फॉरमॅट मारा' हा उपाय या घराला परवडणारा नव्हता.

वही सुरू होऊन अडीच आठवडे झाले असतील. एका शनिवारी शाळा सुटताना ती स्टाफरूमच्या दाराशी आली.

"मॅडम, उद्या घरी याल का? अण्णा पैसे भरायला निघालेत."

झालं होतं असं, की तिच्या वडिलांनीही ती चौकट एकदा पाहिली आणि ते घाबरले. त्यांनी मोबाइलवर अँटिव्हायरसच्या मदतीसाठी नंबर शोधला. जो पहिला सापडला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी गोड आवाजात बोलत होता. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेचे पैसे धोक्यात आहेत, 4,999 रुपये भरा, एक अ‍ॅप टाका म्हणजे मी इथूनच स्क्रीन बघून दुरुस्त करतो. तेच अ‍ॅप मोबाइलवरही टाका म्हणाला. मुलीने तिथे हात आडवा घातला. "अण्णा, मोबाइलवर कशाला? बिघडलाय तर कॉम्प्युटर." एवढ्या एका प्रश्नावर फोन ठेवला गेला. पण त्या माणसाने नंतर तीन वेळा फोन केला होता, आणि वडिलांचा धीर सुटत चालला होता. लग्नसराई तोंडावर, उधारीची यादी आत.

रविवारी दुपारी गेले. आधी कॉम्प्युटरला हात लावला नाही, वही मागितली.

वही साधी होती. तारीख, वार, वेळ आणि समोर 'झालं' किंवा 'फेल'. वेळ रोज संध्याकाळी साडेसहाची. मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करायचं, अँटिव्हायरस उघडायचं, 'अपडेट नाऊ' दाबायचं आणि जे येईल ते लिहायचं. मी वाचत गेले. सोमवार झालं, मंगळवार झालं, बुधवार झालं. गुरुवार फेल. शुक्रवार फेल. शनिवार फेल. रविवार झालं. पुढचा आठवडा बघितला तर तेच. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी मात्र 'झालं' होतं आणि शेजारी तिने कंसात लिहिलं होतं, 'अण्णांनी दुपारी बिल केलं'.

हे वाक्य तिने का लिहिलं? "त्या दिवशी खुर्ची अण्णांच्या उंचीची होती, म्हणून." म्हणजे ती बसायला गेली तर खुर्ची खाली केलेली होती, म्हणून लिहून ठेवलं. मला हे फार आवडलं. दिसलं ते लिहिलं.

आता इथे क्षणभर थांबून 'अपडेट' म्हणजे नक्की काय ते बघू, कारण पालकांच्या मनात याबद्दल बराच घोळ असतो. अँटिव्हायरस म्हणजे पोलीस चौकी असं समजा, तर अपडेट म्हणजे भिंतीवर लावायचे नवे फोटो. रोज नवे हानिकारक प्रोग्राम तयार होतात, त्यांच्या खुणांची यादी कंपनी बनवते आणि आपल्या कॉम्प्युटरला पाठवते. विंडोजमध्ये जो डिफेंडर आधीपासून असतो त्याची यादी दिवसातून अनेकदा नवी होते. यादी जुनी असली तरी अँटिव्हायरस एकदम आंधळं होत नाही, संशयास्पद वागणुकीवरूनही ते काही गोष्टी पकडतं. पण काल-परवा आलेला पाहुणा ओळखायला नवा फोटोच लागतो. खुद्द विंडोजच्या अपडेटचंही तसंच. 12 मे 2017 ला 'वॉनाक्राय' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद केले. तो ज्या खिंडारातून शिरला ते बुजवणारं विंडोजचं अपडेट 14 मार्चलाच आलेलं होतं, म्हणजे जवळपास दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांना फटका बसला.

मग अपडेट अडतं कुठे? तिच्या घरी आम्ही एकेक शक्यता वहीला विचारत गेलो. शिक्षकांनी हा भाग मुलांसोबत जरूर करून बघावा.

नेट नसेल? पण त्याच हॉटस्पॉटवर सोमवारी झालं, त्याच वेळी, त्याच मोबाइलवरून. नेटला गुरुवारचा उपवास नसतो.

सी ड्राइव्ह भरला असेल? हे कारण फार घरांत सापडतं, अपडेट उतरवून उलगडायलाही जागा लागते. आम्ही बघितलं, चाळीस जीबी मोकळी होती. शिवाय जागा भरली असती तर रविवारी आपोआप कशी रिकामी झाली?

अँटिव्हायरसची मुदत संपली असेल? मग ते मुदतीनंतर रोजच फेल व्हायला हवं. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी टाकलेत का? नाही, एकच. कुणी व्हायरसच अपडेटची वाट अडवत असेल का? ही भीती खरी आहे. 2008 साली पसरलेला 'कॉन्फिकर' नेमकं हेच करायचा, अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडूच द्यायचा नाही. पण तोसुद्धा वार बघून सुट्टी घेणारा नव्हता.

मुलगी म्हणाली, "मॅडम, गुरुवारी वीज नसते."

आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी सकाळी नऊ ते दुपारी चार वीज बंद असते. घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे एरवी अर्धा-पाऊण तास वीज गेली तर कॉम्प्युटरला कळतही नाही. पण गुरुवारी इन्व्हर्टर पंख्यासाठी राखून ठेवायचा, म्हणून आजी सकाळीच बोर्डावरून कॉम्प्युटरचं बटण बंद करतात. वीज आली की धाकटा भाऊ चालू करतो, गेम खेळायला. त्याला विचारलं, "गुरुवारी चालू करताना काही वेगळं दिसतं का रे?" तो म्हणाला, "काळ्या स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी येतं. एफ-वन दाबलं की जातं." मग हे कुणाला सांगितलं नाहीस का? "त्यात काय सांगायचं, एफ-वन दाबायचं असतं."

आता वडिलांची पाळी. बिल कसं करता ते दाखवा म्हटलं. त्यांच्या एक्सेलच्या फाइलमध्ये तारीख आपोआप येते, तशी कुणीतरी बसवून दिलेली आहे. ते म्हणाले, "कधी कधी ती 2015 दाखवते. मग मी खाली घड्याळावर जाऊन नीट करतो. जुनं मशिन आहे, होतं असं."

मुलीने वही बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

म्हणजे बघा, आजींना बटण माहीत होतं, धाकट्याला एफ-वन, वडिलांना तारीख आणि मुलीला अपडेट. चौघंही एकाच घरात, एकाच कॉम्प्युटरवर, आणि चौघांनी आपापला तुकडा 'असंच असतं' म्हणून खिशात ठेवलेला. वडील तारीख दुरुस्त करायचे ते बिल छापण्यासाठी, त्यांना अँटिव्हायरसशी देणंघेणं नव्हतं. ते बिलं बहुतेक रविवारी दुपारी करत, म्हणून रविवारी संध्याकाळी अपडेट 'झालं'. एका शुक्रवारी पार्टी घाईत होती म्हणून बिल शुक्रवारी झालं, तर अपडेटही शुक्रवारी झालं.

आता प्रश्न असा, की घड्याळ चुकलं तर अँटिव्हायरसला काय त्याचं? हा प्रश्न वडिलांनीच विचारला आणि अगदी बरोबर विचारला.

अपडेट येतं ते बाहेरून. ते खरंच कंपनीकडून आलं की वाटेत कुणी बदललं, हे कॉम्प्युटरला तपासावं लागतं. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. आपल्या जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासारखंच, कुणाला दिलं, कुणी दिलं, आणि कधीपासून कधीपर्यंत चालेल. कॉम्प्युटर ते हातात घेतो, आपल्या घड्याळात बघतो. घड्याळ म्हणतं आज 1 जानेवारी 2015. प्रमाणपत्र तर कितीतरी वर्षांनंतर सुरू होणारं! जो दाखला अजून सुरूच झाला नाही तो खरा कसा मानायचा? कॉम्प्युटर दार लावून घेतो आणि आपल्याला फक्त एवढंच सांगतो, 'अपडेट फेल्ड'. त्याच दिवशी ब्राउझर उघडला असता तर क्रोमने सरळ सांगितलं असतं, की तुमचं घड्याळ मागे आहे. पण या घरात नेटचं सगळं काम मोबाइलवर होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी कडक तपासणी कशाला? तर 27 जून 2017 ची गोष्ट आठवा. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या वापरत. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच विध्वंसक प्रोग्राम घुसवला, 'नॉटपेट्या'. लोकांनी विश्वासाने अपडेट घेतलं आणि तिथून तो जगभर गेला. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनलही त्यात ठप्प झालं होतं, कारण ते चालवणारी आंतरराष्ट्रीय कंपनी त्यात सापडली होती. प्रमाणपत्र बघितलं की प्रत्येक फसवणूक टळते असं अजिबात नाही, आतूनच विष कालवलं असेल तर दाखला काय करणार! पण अपडेट हा घराच्या अगदी आतपर्यंत जाणारा रस्ता आहे, म्हणून त्यावर नाका हवाच. तारीख चुकलेल्या कॉम्प्युटरने दार लावून घेतलं तेव्हा तो बिघडलेला नव्हता. मिळालेल्या माहितीवर तो योग्यच वागत होता. माहिती चूक होती.

आणि माहिती चुकवणारा होता एक रुपयाच्या नाण्याएवढा सेल.

वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर एक चपटा बटण सेल असतो. नंबर बहुतेक वेळा सीआर 2032, तीन व्होल्टचा. बोर्डावरचं बटण चालू असेपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटर नुसता बंद केलेला असला तरी, घड्याळाला विजेवरून थोडा पुरवठा मिळत राहतो. म्हणून शुक्रवार ते बुधवार सेल मेलेला आहे हे कळतच नव्हतं. बटण बंद झालं की घड्याळ फक्त त्या सेलवर. सेल संपलेला असला की मदरबोर्ड आपल्या मूळ तारखेवर जातो, जी कारखान्यात भरलेली असते, आणि चालू होताना एफ-वन दाबायला सांगतो. वर्षानुवर्षं चालणारी वस्तू आहे, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाही. जुन्या ऑफिसच्या लॉटमधून आलेल्या मशिनमध्ये तर ती हमखास संपत आलेली असते.

सेल गावातल्या घड्याळाच्या दुकानात मिळाला, चाळीस रुपयांना. बदलणं अवघड नाही, पण दोन-तीन गोष्टी सांभाळा. कॉम्प्युटर नीट बंद करा, मागची वायर काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. वायर काढल्यावर चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडली की आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. सेलच्या कडेला एक छोटा पत्रा असतो, तो नखाने बाजूला केला की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अक्षरं असलेली, म्हणजे अधिक चिन्हाची बाजू वर. आम्ही उघडलं तेव्हा आत इतकी धूळ होती, की सेल बदलण्यापेक्षा ब्रशने ती झाडण्यातच जास्त वेळ गेला. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा उद्योग घरी करू नका, तिथे सेल खोल दडलेला असतो, कधी कधी वायरने जोडलेला. तो दुकानदाराकडेच द्या. आणि जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजू शकते, तासाभराचाही उशीर चालत नाही, सरळ दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे तो सेल मी चिकटपट्टीत गुंडाळूनच पिशवीत टाकला.

मग तारीख आणि वेळ एकदा हाताने बरोबर केली. टाइम झोन भारताचा आहे ना तेही बघितलं. सेटिंग्जमध्ये 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू केलं. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर विंडोज ती आपण होऊन दुरुस्त करेलच असं नाही, म्हणून आधी हाताने. मग 'अपडेट नाऊ'. झालं.

या गोष्टीत कारण घड्याळ निघालं म्हणून तुमच्या घरी तेच असेल असं नाही. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त सापडतं ते दोन अँटिव्हायरसचं भांडण. दुकानदाराने एक टाकून दिलेलं असतं, मुलाने फुकटचं दुसरं टाकलेलं असतं, आणि दोघं एकमेकांनाच चोर समजतात. एक काढा. काढताना कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढा, नुसतं फोल्डर डिलीट केलं तर अर्धं आतच राहतं. बहुतेक कंपन्या आपलं अँटिव्हायरस पूर्ण पुसून टाकणारं एक छोटं साधनही त्यांच्या वेबसाइटवर देतात. दुसरं अँटिव्हायरस गेलं की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, त्यामुळे मधल्या काळात घर उघडं राहत नाही. घरगुती कामाला डिफेंडर पुरतो, हे माझं मत आहे. ज्यांनी पैसे भरून दुसरं घेतलंय त्यांनी ते सुखाने वापरावं.

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' लावलंय का बघावं, डेटा वाचवायला म्हणून विंडोज काही अपडेट थांबवून ठेवतं. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट सोडून बाकी सगळं नेट चालत असेल तर मात्र कान टवकारा, ते खरंच व्हायरसचं काम असू शकतं. तेव्हा दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवरून अपडेटची फाइल उतरवून पेन ड्राइव्हने आणून टाकता येते. आणि विंडोज फारच जुनं असेल, तर एका टप्प्यानंतर अँटिव्हायरस कंपन्याही त्याचा नाद सोडतात. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. आपल्या अनेक शाळांच्या लॅबमध्ये अजून काय चालू आहे हे आपल्याला माहीतच आहे, असो.

मला स्वतःला या सगळ्यात शिकवण्याशी जोडलेलं काहीतरी दिसत होतं. खालच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्यांना लगेच कळेल. मूल 52 मधून 27 वजा करतं आणि उत्तर लिहितं 35. आपण त्यावर लाल फुली मारतो. ती फुली म्हणजे 'अपडेट फेल्ड'. अडलं एवढंच ती सांगते, कुठे अडलं ते सांगत नाही. अशी दहा उदाहरणं शेजारी ठेवली तर दिसतं, की मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, मग तो वर असो की खाली. जिथे हातचा लागत नाही तिथली उत्तरं बरोबर, जिथे लागतो तिथली चूक. मूल निष्काळजी नसतं, तेही आपल्याजवळच्या नियमाने इमानदारीत चाललेलं असतं. पण हे दिसायला दहा उदाहरणं लागतात, आणि त्यात बरोबर आलेली उत्तरंसुद्धा लागतात. त्या वहीतले 'झालं' चे दिवस नसते तर 'फेल' च्या दिवसांवरून मला काहीही कळलं नसतं. तिने रोज लिहिलं म्हणून कळलं.

मुलांना सांगायला याच विषयातली आणखी एक गोष्ट आहे. पुण्यात कैलास काटकर कॅलक्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारा प्रोग्राम लिहिला. 1990 च्या दशकातली ही गोष्ट, त्यातूनच क्विक हील उभी राहिली. काम दुरुस्तीच्या टेबलावरच सुरू झालं, पुन्हा पुन्हा तेच का बिघडतंय या प्रश्नापासून.

राहिला तो फोनवाला माणूस. आम्ही बसलो असतानाच त्याचा चौथा फोन आला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी स्पीकरवर ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, किती लाल खुणा दिसतात मोजा, त्या सगळ्या व्हायरसच्या आहेत. पालकहो, हे लक्षात ठेवा. इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजनिशी आहे. अगदी निरोगी कॉम्प्युटरमध्येही तिथे लाल-पिवळ्या खुणा असतातच, कुठला तरी प्रोग्राम दोन सेकंद उशिरा सुरू झाला तरी नोंद होते. फसवणारे हीच पाटी दाखवून घाबरवतात. वडील शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, सेल गेला होता, बदलला." पलीकडून फोन कट.

अँटिव्हायरसच्या मदतीचा नंबर हवा असेल तर त्याच प्रोग्रामच्या 'हेल्प' मध्ये बघा, नेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकू नका, मोबाइलवर तर मुळीच नाही, कारण तिथे ओटीपी येतात. आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

निघताना मी एकच काम सांगितलं, भजनं आणि उधारीची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवा, कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. ते त्याच संध्याकाळी झालं.

पण रविवारी अपडेट झालं म्हणजे दुरुस्ती झाली असं मुलगी मानायला तयार नव्हती. "मॅडम, रविवारी तर आधीपण व्हायचं." अगदी बरोबर होतं तिचं! म्हणून वही आणखी एक आठवडा वाढवली. गुरुवारी आजींनी नेहमीप्रमाणे बटण बंद केलं, चारला वीज आली, धाकट्याने चालू केलं. एफ-वन विचारलंच नाही, तो म्हणे जरा हिरमुसला. साडेसहाला तिने लिहिलं, 'गुरुवार. तारीख बरोबर. झालं.' शुक्रवारीही 'झालं'. शनिवारी मात्र पुन्हा 'फेल' होतं, आणि कारण लिहायचं नाही ही माझी अट मोडून तिने समोर लिहिलं होतं, 'हॉटस्पॉटचा डेटा संपला. भावाने गेम डाउनलोड केला.'